पट्टा घेण्याआधी बोटं तपासा : मनगटाच्या दुखण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात गुडघ्याच्या पट्ट्यावर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती की मनगटाच्या पट्ट्याचं गणित वेगळं असतं, ते कधीतरी सविस्तर सांगीन. तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा मनगटालाच दिलाय. परभणीत फिजिओथेरपीचं काम करते त्याला आता २२ वर्षं झाली आणि मनगट दुखतंय म्हणून येणारी निम्मी माणसं पट्टा घालूनच येतात. विचारलं की सांगतात, मेडिकलात साइज विचारली, दिला. कुठं दुखतं, कोणत्या बाजूनं, रात्री का दिवसा, हे कुणीच विचारलेलं नसतं.

आणि पट्टा म्हणजे काही एकच वस्तू नाही. नुसता लवचिक मोज्यासारखा असतो तो ऊब देतो, थोडा दाब देतो, बाकी काही धरत नाही. आतल्या बाजूला धातूची पट्टी असते तो मनगट वाकू देत नाही, त्याला डॉक्टर लोक कॉक-अप स्प्लिंट म्हणतात. अंगठ्यालाही गुंडाळतो तो वेगळा, थंब स्पायका. जिममधला रॅप वेगळा, स्केटिंगचा कडक प्लास्टिकचा गार्ड अजून वेगळा. एकाचं काम दुसरा करत नाही. आता पत्रांकडं येते.

प्रश्न : ताई, मी मानवत तालुक्यातली, वय ४१. दिवाळीपासून कापूस वेचायला जायलेय. रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी भाकरी थापताना पीठ हाताला लागतंय का नाही तेच कळत नाही. करंगळी तेवढी चांगली आहे. मेडिकलातून पट्टा आणला, दिवसभर घालून वेचते, रात्री काढून ठेवते. महिना झाला पण फरक नाही, उलट जास्तच दुखायलंय. पट्टा खराब निघाला का?

उत्तर : पट्टा खराब नाही ताई, वेळ उलटी झालीय. तुम्ही घालताय दिवसा आणि त्याची गरज आहे रात्री.

करंगळी चांगली आहे हे तुम्ही आपणहून लिहिलंत त्याचं मला फार बरं वाटलं, कारण त्या एका ओळीत निम्मं निदान आहे. मनगटात ८ छोटी हाडं असतात, त्यांची तळहाताच्या बाजूला एक खोलगट पन्हळ होते आणि त्या पन्हळीवर एक जाड बंध ताणून बसवलेला असतो, म्हणजे झाला एक बोगदा. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या ९ दोऱ्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट धागे, जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस जाते. दिवसभर चिमटीनं बोंड ओढून ओढून त्या दोऱ्यांची आवरणं सुजतात, बोगदा काही मोठा होत नाही, मग दबते ती बिचारी नस. ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू एवढ्याचीच जाणीव सांभाळते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. म्हणून माझ्याकडं मुंग्यांचं कुणीही आलं की मी आधी करंगळीचं विचारते. करंगळी आणि अनामिका बधिर असेल तर बऱ्याचदा दुखणं कोपरापाशी असतं, मान दुखून हातभर मुंग्या येत असतील तर मानेत असू शकतं, आणि तिथं मनगटाला कितीही पट्टे बांधले तरी उपयोग नाही.

आता रात्रीचं. झोपेत आपण हात उशाखाली घेतो, छातीशी दुमडतो, मनगट तासन् तास वाकलेलं राहतं. मनगट पुढं वाकलं तरी आणि मागं वाकलं तरी बोगद्यातला दाब वाढतो, सरळ असलं की सगळ्यात कमी असतो. म्हणून दोन-अडीचला जाग येते, म्हणून झटकलं की बरं वाटतं. पट्ट्याचं काम एवढंच की झोपेत मनगट सरळ धरून ठेवायचं. आणि दिवसा तुम्ही पट्टा घालून वेचताय म्हणजे हात वाकवायला बघतोय, पट्टा अडवतोय, दोघांची ओढाताण होऊन बोटांच्या दोऱ्यांवर ताण अजून वाढतोय. दुखणं वाढलं ते त्यामुळं असण्याची दाट शक्यता आहे.

अजून एक गोष्ट, ही मेडिकलात कुणी सांगत नाही. तुमच्या पट्ट्यात आत धातूची पट्टी असेल, ती बाहेर काढून बघा. बऱ्याच तयार पट्ट्यांत ती वीस-तीस अंश मागं वाकवलेली येते, कारण तो आकार हातानं काम करायला सोयीचा असतो. पण दबलेल्या नसेला तो सोयीचा नाही. ही पट्टी हातानंच हळूहळू सरळ करा, परत आत सरकवा, पट्टा घाला आणि बाजूनं बघा, मधलं बोट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत दिसला पाहिजे. पट्ट्याची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडंच संपली पाहिजे, म्हणजे चारी बोटांची मूठ पूर्ण वळते. आणि आवळायचा किती, तर पट्ट्याखाली एक बोट सहज सरकेल इतपतच. सकाळी बोटं सुजलेली किंवा निळसर दिसली तर घट्ट झाला समजा.

असं रोज रात्री, एकही रात्र न चुकवता, निदान ६ आठवडे करा. दोन-चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका.

वेचणी बंद करा असं मी म्हणणार नाही, किलोवर पैसे मिळतात ते मला माहीत आहे आणि चार महिन्यांच्या त्या पैशावर घरात काय काय चालतं तेही माहीत आहे. पण बोंड उपटताना मनगट पिळू नका, झाडाजवळ सरकून कोपरातून ओढा, हात आलटून पालटून वापरा, ओटी फार भरेपर्यंत थांबू नका आणि पाऊण तासानं दोन मिनिटं हात खाली सोडून मूठ उघडझाप करा. घरी आल्यावर कपडे पिळायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, घरात पोरं असतील, नवरा असेल. नसेलच कुणी तर न पिळता निथळत टाका, परभणीच्या उन्हात वाळतातच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर कितीतरी वर्षं काम चालू आहे, शेती मेळाव्याला गेलात तर त्या स्टॉलवर जरूर थांबा, बाया तिकडं कमी वळतात याचं मला वाईट वाटतं.

आणि रक्ताच्या दोन तपासण्या कराच, थायरॉइड आणि साखर. दोन्हीत ही नस दबायचं प्रमाण जास्त असतं आणि कितीतरी बायांची थायरॉइड या मुंग्यांमुळंच सापडलेली मी बघितलीय. गरोदरपणातही असंच होतं, ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप कमी होतं, तिथंही रात्रीचा पट्टा चालतो.

सहा आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा हातातून भांडं निसटायला लागलं, किंवा अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसायला लागला, तर पट्ट्यावर वेळ घालवू नका. हाडांच्या डॉक्टरला दाखवा. नसेची तपासणी होते, कधी इंजेक्शन देतात, कधी तो जाड बंध कापून नस मोकळी करतात, ऑपरेशन छोटं असतं. उंचवटा एकदा वाळला की तो पूर्ण भरून येईलच असं सांगता येत नाही, म्हणून एवढं कळकळून लिहितेय.

प्रश्न : मॅडम, मी केज तालुक्यातला, वय २१, पोलीस भरतीची तयारी करतो. साडेतीन आठवड्यांमागं कबड्डी खेळताना तळहातावर पडलो. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणले. गावात एकाकडं दोनदा चोळून घेतलं. आता पट्टा घालून धावणं चालू आहे, पण गोळा फेकताना अंगठ्याच्या बाजूनं कळ येते. कोणता पट्टा घेतला म्हणजे गोळाफेक चालू ठेवता येईल?

उत्तर : लेकरा, कोणताच नाही, आणि हे वाचून झाल्यावर आजच्या आज गोळा बाजूला ठेव.

अंगठा वर ताठ कर. मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी दोन दोऱ्या उठून दिसतील आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडेल. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्या खळग्यात दाब. तिथं नेमकी कळ आली, दुसऱ्या हाताच्या खळग्यात तशी येत नसली, तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं असू शकतं. नावेच्या आकाराचं लहानसं हाड आहे, काजूएवढं म्हण, आणि तळहातावर पडल्यावर तरण्या पोरांचं हेच हाड मोडतं. याची दोन लक्षणं फार फसवी आहेत. एक म्हणजे सूज थोडीच येते, मूठही वळते, त्यामुळं माणसाला वाटतं लचकच आहे. दुसरं म्हणजे पहिल्या काही दिवसांच्या एक्स-रेत ही भेग कित्येकदा दिसतच नाही, दिसते ती दहा-चौदा दिवसांनी. तुझ्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं मी म्हणत नाही, त्या दिवशी फिल्मवर खरंच काही नसेल. पण दुखणं राहिलं तर परत यायचं असतं, ते राहून गेलं.

या हाडाला रक्त उलट्या बाजूनं मिळतं, बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि मागं कोपराकडं जातं. मधोमध भेग पडली की मागच्या तुकड्याचं रक्तच तुटतं, तो तुकडा जुळायला फार वेळ लागतो आणि कधी कधी वाळून जातो. माझ्या मामेभावाचं असंच झालं होतं. गाडीवरून पडला, लवचिक पट्टा बांधून ८ महिने हिंडला, चोळून घेतलं, शेक घेतला, आणि शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवून स्क्रू टाकावा लागला. अजूनही त्याचा तो हात पूर्ण मागं वळत नाही. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, मला कळायला पाहिजे होतं असं आजही वाटतं.

तर परत एक्स-रे काढ, स्कॅफॉइडचा म्हणून सांगून काढ, त्याचे वेगळे अँगल असतात. त्यात शंका राहिली तर डॉक्टर एमआरआय किंवा सीटी सांगतील. खर्चाची अडचण असेल तर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुला जवळ आहे. तोवर चोळणं बंद, शेकणं बंद, मनगट आणि अंगठा दोन्ही धरणारा थंब स्पायका घालून ठेव, पण तो तपासणीपर्यंतचा आधार आहे, इलाज नाही. हाड मोडलेलं निघालं तर प्लास्टर किंवा स्क्रू, कदाचित ही भरती हुकेल. पुढची येईल. हात मात्र हाच राहणार आहे.

प्रश्न : डॉक्टर ताई, मी उदगीरहून लिहितेय. बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याला उचलताना अंगठ्याच्या बाजूनं मनगटात असं चमकू लालंय की बाळ हातातून पडतंय का काय वाटतं. सासूबाई म्हणतात बाळंतिणीचा वात आहे, जाईल. गोळ्या घ्यायला भीती वाटते, दूध पाजते. पट्टा घालून चालेल का?

उत्तर : चालेल, आणि तुम्हाला त्याचा चांगला उपयोग होईल, फक्त अंगठा धरणारा घ्या, नुसता मनगटाचा नको.

सासूबाईंनी बरोबर ओळखलंय की हे बाळंतिणीला होतं, त्यांनी चार घरी बघितलेलं असणार. अंगठा वर उचलणाऱ्या दोन दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात, बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताठ बाहेर आणि मनगट करंगळीकडं झुकलेलं अशी अवस्था दिवसातून पन्नासदा होते, नळी सुजते. फ्रिट्झ द क्वेर्व्हँ नावाच्या स्विस सर्जननं १८९५ साली याचं वर्णन केलं म्हणून आजही त्याचंच नाव या दुखण्याला आहे. अंगठा मुठीत घालून मनगट हळूच करंगळीकडं झुकवलं की तीच कळ येते का बघा, एकदाच बघा, परत परत करू नका.

मुख्य इलाज उचलण्यात आहे. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटवून ठेवायचा, तळहात वर, एक हात ढुंगणाखाली आणि एक मानेखाली घालून बाळाला ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं, जोर कोपरातून आणि खांद्यातून. पाजताना बाळाच्या डोक्याचं ओझं मनगटावर नको, मांडीवर उशी घ्या. पाजता पाजता त्याच अंगठ्यानं मोबाइल सरकवणं होत असेल तर तेवढं महिनाभर थांबवा. लंगोट पिळणं, बाळाला रगडून मालिश करणं हे सध्या सासूबाईंनी करावं अशी माझी त्यांना हात जोडून विनंती.

पट्टा तीन ते सहा आठवडे, दिवसा बाळाची कामं करताना आणि रात्रीही, आंघोळीला काढायचा, तेव्हा अंगठा हळूच सगळीकडं फिरवून घ्यायचा म्हणजे आखडत नाही. पट्ट्याची कड किंवा वेल्क्रो बाळाच्या गालाला घासणार नाही हे बघा, वरून जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली तरी चालते. तरीही राहिलं तर त्या नळीत एक इंजेक्शन देतात, त्यानं पुष्कळ जणींना बरं वाटतं, पाजत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : हिंगोलीत आमचं सेवा केंद्र आहे, दिवसाचे दहा तास माउस आणि कीबोर्ड. मनगट वरच्या बाजूनं दुखतं. मनगटाखाली ठेवायची जेलची गादी घेतली, पट्टा पण लावतो, तरी दुखतंच.

उत्तर : दादा, गादी टाइप करताना टेकायची नसते, थांबल्यावर तळहाताचं बूड टेकवायला असते. मनगट गादीवर दाबून टाइप केलं की त्या बोगद्यावरच दाब येतो, वर मानवतच्या ताईंना लिहिलंय ते वाचा. कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडे असतील तर मिटवा, मनगट मागं मोडतं ते त्यानंच. खुर्ची उंच करा, कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे, पाय लोंबायला लागले तर खाली वीट ठेवा. माउस कीबोर्डला चिकटून. पट्टा घालून टाइप करू नका, मनगट अडलं की माणूस खांदा उचलून काम करतो आणि महिन्याभरात मान धरते. फारच ठणकलं तर दोन-तीन दिवस काम सोडून इतर वेळी घाला. आणि लाइन लागलेली असली तरी तासाला दोन मिनिटं उठा, पीक विमा भरायच्या शेवटच्या आठवड्यात तर नक्कीच, तेव्हाच तुमचे लोक माझ्याकडं येतात.

प्रश्न : नांदेडहून एक आई. मुलगा नऊ वर्षांचा, स्केटिंगला घातलाय. कोच म्हणतात हेल्मेट, गुडघा, कोपर आणि मनगट सगळे गार्ड पाहिजेत. घरचे म्हणतात मनगटाला बांधलं तर हात कमजोर होतो. खरं काय?

उत्तर : कोच खरं बोलतायत. दुखण्यासाठीचा पट्टा आणि पडण्यासाठीचा गार्ड यात घोळ होतो म्हणून घरच्यांना तसं वाटतं. पट्टा महिनोन् महिने दिवसभर घातला तर हात आखडतो, अशक्त होतो, ती भीती योग्य आहे. गार्ड तासभर खेळताना घालायचा आणि काढून ठेवायचा, त्यानं काही कमजोर होत नाही.

चाकावरून पडताना लेकरू हात पुढं करतंच, ते कुणालाच आवरत नाही. गार्डच्या तळहाताच्या बाजूला जी कडक प्लास्टिकची पट्टी असते ती जमिनीवर घसरते, त्यामुळं हात एका जागी रुतून मनगट मागं मोडत नाही, आणि धक्का मनगटावर एकवटण्याऐवजी पुढच्या हातभर पसरतो. अमेरिकेत १९९६ साली इनलाइन स्केटिंगच्या जखमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात मनगटाचा गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याचा संभव घालणाऱ्यांच्या जवळपास दहापट निघाला. घेताना मोठी साइज, 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून घेऊ नका, ढिला गार्ड पडताना फिरतो आणि पट्टी भलतीकडं जाते. कड पट्टीची तडकली की गार्ड बदला. आणि पडायचं कसं तेही कोचना शिकवायला सांगा, गुडघ्यांवर यायचं, मुठी ताठ खाली टेकवायच्या नाहीत.

प्रश्न : आईचं वय ६६, राहायला जालन्याजवळ. अंगणात पाय घसरून पडली, मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आता भीतीनं ती दिवसरात्र पट्टा काढत नाही, बोटंही नीट मिटत नाहीत.

उत्तर : तिची भीती मला कळते, एकदा हाताचा काट असा आवाज ऐकला की बाई पुढं वर्षभर अंगणात जपून पाय टाकते. पण आता पट्टाच तिला अडवतोय. डॉक्टरांनी हाड जुळलं असं सांगितलं असेल तर पट्टा फक्त गर्दीत, प्रवासात आणि झोपेत, तोही दोन-तीन आठवडे, मग बंद. घरात काढूनच ठेवायचा. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून दिवसातून चार वेळा मूठ वळणं, बोटं पसरणं, तळहात वर-खाली करणं. मऊ कणकेचा गोळा दाबायला द्या, हे बायकांना पटतं आणि जमतं. खांदाही हलवायला लावा, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून कितीतरी आयांचा खांदा धरलेला मी बघते. बोटं लाल, चमकदार सुजलेली असतील आणि नुसता हात लावला तरी आग होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आणि नुसतं उभ्यानं पडून मनगट मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत का ते बघायला पाहिजे. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व याबद्दल डॉक्टरांना विचारा. आज मनगटावर भागलं, पुढच्या वेळी खुबा असू शकतो.

काही छोटे प्रश्न एकत्रच घेते. लातूरच्या एका जिमवाल्या मुलानं रॅप रोज पूर्ण वेळ बांधू का विचारलंय, तर नको, जड वजनाच्या सेटपुरता बांध आणि सेट झाला की सैल कर, रॅप मनगटाच्या सांध्यावर यायला हवा, खाली हातावर नाही, आणि वजन कमी असताना मनगटालाच काम करू दे. तांब्याचं कडं आणि चुंबकाचा पट्टा यांबद्दल तिघांनी विचारलंय, त्यांच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि वेदनेवर खास फायदा दिसला नाही, कडं आवडतं म्हणून घाला पण दुखण्यासाठी पैसे घालू नका. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळ्या येतात त्यावर माझा उपाय म्हणजे जुन्या सुती मोज्याचं टोक कापायचं, अंगठ्याला बाजूनं भोक पाडायचं, तो आत घालायचा आणि वर पट्टा, मोजा रोज बदलायचा. पट्टा आठवड्यातून एकदा धातूची पट्टी काढून साध्या साबणानं हातानं धुवा, सावलीत वाळवा. साखर असलेल्यांनी रोज रात्री कातडी नीट बघायची, त्यांना घासलेलं कळत नाही.

शेवटचं पत्र.

प्रश्न : ताई, धारूर तालुक्यातून लिहितेय. माझा भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला सांगली भागात गेलेत. भावाच्या उजव्या मनगटाच्या जरा वर, हाताच्या मागच्या बाजूनं सुजलंय आणि हात हलवला की आतून करकर वाजतं असं फोनवर सांगतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आहेत, खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून थांबत नाही. इथून एखादा पट्टा पाठवू का?

उत्तर : पाठवा, पण पट्ट्याबरोबर मी सांगते ते पण फोनवर नीट सांगा.

मनगटाच्या वर चार बोटांवर, अंगठ्याच्या दोऱ्या आणि मनगट मागं उचलणाऱ्या दोऱ्या एकमेकींवरून जातात. कोयता दिवसभर चालला की त्या एकमेकींवर घासून सुजतात आणि ती करकर येते. हे हाड नाही, ही चांगली गोष्ट आहे, आणि लवकर विसावा मिळाला तर दोन-तीन आठवड्यांत बसतं. विसावाच तर मिळत नाही, ते मला कळतं. आमच्या घरची दोन माणसं माझ्या लहानपणी फडावर जायची, पहाटे चारला उठून अंधारात गाडी भरलेली मी ऐकलंय त्यांच्या तोंडून.

म्हणून खाडा न करता जेवढं होईल तेवढं सांगते. आठवडाभर तोडणी वहिनीनं आणि टोळीतल्या दुसऱ्या कुणी करावी आणि भावानं मोळ्या बांधाव्यात, हातांची अदलाबदल. अगदी जमत नसेल तर निदान दिवसाचा निम्मा वेळ. कोयत्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा सुती कापड गुंडाळून जाड करावी, बारीक मूठ आवळून धरायला जास्त जोर लागतो. धार रोज लावावी, बोथट कोयत्यानं दुप्पट घाव घालावे लागतात. रात्री थंड पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं पंधरा मिनिटं शेक, चोळायचं अजिबात नाही. पट्टा धातूची पट्टी असलेला, अंगठाही धरणारा मिळाला तर उत्तम, कोप्यावर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, आल्यावर घालायचा आणि रात्रभर ठेवायचा. तोडताना कडक पट्टा नको, हातातला कोयता नीट वळणार नाही आणि घाव पायावर यायचा. तोडताना हवाच असेल तर नुसता लवचिक.

दुखणं थांबवायच्या गोळ्या रोज उपाशी पोटी खाऊन काम करू नका असं त्याला सांगा, पाणी कमी आणि ऊन जास्त अशा कामात त्या मूत्रपिंडाला बाधतात. वहिनीलाही विचारा, तिला रात्री मुंग्या येतात का. ती स्वतःहून सांगणार नाही.

पंधरा दिवसांत करकर कमी नाही झाली तर तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवून काही दिवस हलकं काम द्यावं अशा दोन ओळी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात, मुकादमाला तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. आणि गुढीपाडव्याच्या आसपास टोळी परत आली की दोघांना घेऊन परभणीला या, पैसे लागणार नाहीत.